भाऊजींचं मागचं कपाट

माझे मोठे दीर एका बस डेपोत स्टोअरकीपर होते. एखादा सुटा भाग शेवटचाच उरला, की मेकॅनिकने कितीही गयावया केली तरी चेहऱ्यावरची रेष न हलवता ते "स्टॉकमध्ये नाही" म्हणायचे आणि तो भाग मागच्या कपाटात कुलपात ठेवायचे. निवृत्तीनंतर डेपो सुटला, लेबलं लावायची सवय सुटली नाही. ती फोनवर आली.

घरातल्या सगळ्यांच्या पासकी त्यांच्याच ताब्यात. पासकी म्हणजे पासवर्डच्या जागी आलेली किल्ली; अंगठा टेकवला की खातं उघडतं. या किल्ल्या राहतात फोनमधल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये, आणि तिथे भाऊजींनी सगळ्यांची नावं बदलून टाकलेली. "उद्या चोर आत शिरला तर त्याला काही कळता कामा नये." चोराचं माहीत नाही, घरच्यांना काही कळत नव्हतं.

त्या दिवशी जाऊबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दवाखान्याच्या साइटवर पाचच्या आत पक्की करायची होती. नाहीतर नंबर दुसऱ्याला जाणार आणि पुढचा कधी लागेल याचा नेम नाही. जाऊबाई आता मीठ आणि साखर चाखून ओळखत होत्या.

भाऊजींनी साइट उघडली. फोनने घरच्यांच्या पासकी समोर मांडल्या.

"मला दिसत नाही, तू वाच गं," जाऊबाई म्हणाल्या.

"हॉर्न. ब्रेक. वायपर. स्टेपनी."

"यातली मी कोण?"

भाऊजी खिडकीबाहेर बघू लागले.

"हॉर्नच असणार मी. दाबा."

भाऊजींनी अंगठा टेकवला. खातं उघडलं. माझं.

"हो, बरोबर आहे," जाऊबाई म्हणाल्या. मी गप्प बसले. बोलले असते तर पुरावाच मिळाला असता.

ब्रेक निघाले आमचे हे. त्यांच्यामुळे नवा सोफा अजून दुकानातच आहे. वायपर सासूबाई, दोन्ही सुनांचं ऐकताना त्यांची मान दोन्हीकडे हलते. स्टेपनी खुद्द भाऊजी.

"संपले? मग मी कुठे?"

"स्टॉकमध्ये दिसत नाही."

"अहो, इतकी वर्षं संसार केला आणि मी स्टॉकमध्येच नाही?"

मी शोधून पाहिलं. 'डोळे' टाकलं, 'दवाखाना' टाकलं, जाऊबाईंचं नावही टाकलं. काही नाही. पाच वाजत आले होते. भाऊजींचा चेहरा मात्र डेपोतल्यासारखाच. तो बघूनच मला सुचलं.

"भाऊजी, या फोनला मागचं कपाट आहे का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आहे," ते म्हणाले आणि कोपऱ्यातलं काहीतरी दाबलं. एक वेगळा, लपवून ठेवलेला कप्पा उघडला. आत एकच पासकी.

"काय लिहिलंय गं?"

मी वाचलं. "शेवटचा शिल्लक. कुणालाही देऊ नये."

जाऊबाईंनी चाचपडत भाऊजींचा हात शोधला. मग म्हणाल्या, "टेकवा आता अंगठा. बघत काय बसलात?"

तारीख पक्की झाली.

डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा जाऊबाईंनी आधी फोन मागितला. कप्पा उघडायला लावला आणि ते नाव स्वतः वाचलं, बराच वेळ.

"लेबल राहू दे," त्या म्हणाल्या. "पण मला पुढच्या रॅकवर आणा. दर वेळी कोण शोधत बसणार?"

भाऊजींनी लगेच आणलं. तेवढ्यासाठी स्टेपनी एक जागा मागे सरकली.