देवीपुढे चालू इंजिन

बाबांनी आणि काकांनी भागीत सहा सिलेंडरचा टर्बो ट्रक घेतला तेव्हा मी वसईला कॉलेजात होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात जेवताना दुसरा विषय उरला नाही.

आधीचा ट्रकही सहा सिलेंडरचाच होता, पण बिनटर्बोचा. त्यातून बाबांनी वर्षानुवर्षं मिठागरांचं मीठ वाहिलं. पुढे चंदनसार-फुलपाड्याकडे इमारती उठू लागल्या तशी खडी आणि मुरूम वाहिला. चढावर तो धापा टाकायचा, काळा धूर ओकायचा, पण कशानेही आजारी पडायचा नाही. नव्याचं सगळंच निराळं होतं. भरल्या गाडीला चढ लागला की इंजिनातून बारीक शिट्टी ऐकू यायची आणि जुन्याला जिथे दोनदा गिअर पाडावा लागे तिथून हा तसाच वर जायचा. बाबा ती शिट्टी तोंडाने काढून दाखवत. जेवणाच्या ताटावर शिट्ट्या मारलेल्या आईला अजिबात खपत नसत.

बाबांची एक रीत होती. खाणीवरून गाडी भरून निघाली की जूचंद्रला, आमच्याच गावात, देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी थांबायचं. इंजिन बंद करायचं, चपला केबिनमध्ये काढायच्या, खाली उतरून हात जोडायचे आणि मगच पुढे जायचं. गावातले बाकी गाडीवाले हॉर्न वाजवून, एका हाताने छातीला स्पर्श करून निघून जात. बाबांना तो चावटपणा वाटे. देवीपुढे घरघर नको, असं ते म्हणत.

पहिला टर्बो वर्षाच्या आत गेला. शिट्टीची किंकाळी झाली, निळा धूर सुटला आणि गाडीतली ओढच संपली. हायवेवरच्या गॅरेजात मिस्त्रींनी तो उघडून दाखवला. धुराच्या जोरावर फिरणारा तो एक छोटा पंखा असतो आणि त्याचा दांडा ऑइलवर तरंगतो. ओझं ओढून तापलेलं इंजिन एकदम बंद केलं की ऑइल येणं थांबतं, पंखा मात्र फिरत राहतो, आणि आतलं उरलंसुरलं ऑइल विसरलेल्या फोडणीसारखं जळतं. "बंद करायच्या आधी थोडा वेळ नुसती चालू ठेवा," मिस्त्री म्हणाले. बाबांनी मान डोलावली. खाणीवर त्यांनी हे पाळलं, चंदनसारला माल उतरवताना पाळलं, आमच्या दारातही पाळलं. देवीपुढे मात्र पाळलं नाही. दुसराही टर्बो गेला.

काका धाकटे. कामं मिळवायची, बिल्डरांकडे बसायचं, हे त्यांच्याकडे. गाडी गॅरेजात उभी राहिली की ठरलेलं काम दुसऱ्याकडे जाई आणि शिव्या काकांना खाव्या लागत. एके सकाळी अंगणात, सगळ्यांदेखत ते म्हणाले, "दादा, परत टर्बो गेला तं गारी दुसऱ्या डायवरचे हातान देनार. तू घरा बस."

काकांचं बरोबर आहे, असं मी आईला सांगितलं. तिने माझ्यापुढे निवडायला तांदूळ ठेवले. आमच्याकडे हे उत्तर असतं. पण तिला कळत होतं ते मलाही दिसत होतं. बाबा घरात पाहुण्यासारखे वावरत, कुठे बसावं हेही त्यांना सुचत नसे. शेती कायम काकाच बघत आले. बाबा हसत, बोलत, थट्टा करत ते फक्त स्टिअरिंगमागे. त्या सीटवरून उठवलेला हा माणूस घरी बसून करणार काय, हे कोणालाच सांगता आलं नसतं.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी कॉलेजातून येताना नाक्यावर आमची गाडी दिसली. मुरुमाने भरलेली होती आणि बाबांशेजारी काका बसले होते. ते बसले होते पहारा ठेवायला, हे उघड होतं. मी खिडकीशी चढले.

बाबांनी नेहमीच्या जागी गाडी उभी केली. हात किल्लीकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी हँडब्रेक ओढला, चपला काढल्या आणि इंजिन चालू ठेवून ते खाली उतरले. जरा निवलं की बंद करावं आणि मग पुन्हा नीट पाया पडावं, असा त्यांचा बेत असावा. तोवर देवीसमोर नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी हात जोडले. एवढा वेळ हात जोडायची त्यांना सवय नव्हती. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले आणि मला हसू येऊ लागलं.

इंजिनाच्या घरघरीत त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नसणार. एरवी मनातल्या मनात म्हणत असतील ते मोठ्याने बाहेर पडलं आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

"आये, गारी माजे हातान रव दे. मना दुसरा काय येत नाय."

काका समोरच्या काचेतून बघत राहिले. थोड्या वेळाने बाबा वळले आणि किल्ली फिरवायला केबिनच्या पायरीवर चढले.

"अजून गरम हाय, दादा," काका म्हणाले. "रव दे चालू. मी पन येतो."

ते बाबांच्याच दाराने, चपला काढून उतरले. ड्रायव्हर बदलायची भाषा नंतर घरात कधी निघाली नाही आणि तो टर्बो गाडी विकेपर्यंत टिकला. त्या दुपारी मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोघे भाऊ डोंगराकडे तोंड करून, हात जोडून शेजारी शेजारी उभे होते. मला रडू फुटलं, आणि इंजिन चालू असल्यामुळे ते कोणाला ऐकू गेलं नाही.