अर्धा सूर खाली

नांदेड ते लातूर हा काय लिहिण्यासारखा प्रवास आहे का, असं वाचक विचारतील. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. लिहायचं धाडस करतोय, माफ करावं.

मी एक बँड जोडायला निघालो होतो. ‘ब्लॅक कॉटन’ हा आमच्या भागातला जुना रॉक बँड. गिटारवर सलीमचाचा, गायला शिवाअप्पा. शेवटच्या कार्यक्रमात अप्पांचा आवाज वरच्या सुरात फाटला. लोक हसले. सलीमनं मुद्दाम गिटारचा सूर चढवून लावला, असं अप्पांनी मनात धरलं, ते आजतागायत. आता चाचांची बोटं आखडू लागलीत. ती चालतात तोवर दोघांनी एकदा तरी सोबत गावं-वाजवावं, एवढीच माझी आशा.

निघताना चाचांनी माझ्या मोबाइलमध्ये एक धून वाजवून रेकॉर्ड करून दिली. “मी धाडलं म्हणू नको बरं, बेटा.”

एस.टी.त लोह्यापर्यंत उभाच होतो. अहमदपूरला चहा शर्टावर सांडला. लातूरला गंजगोलाईत सुशीला (भिजवलेले मुरमुरे फोडणीला टाकून करतात) घेतली, ती अर्धी टाकून उठलो. समोरच अप्पांचं भांड्यांचं दुकान होतं.

“कुठला रं तू?”

“नांदेडचा.”

“सलीमनं धाडलं?”

“न्हाई... हाव.”

“खोटं बी धड येत न्हाई. त्याचाच चेला हायेस.”

मी घाईघाईनं धून लावली. अप्पा पातेलं पुसतच राहिले. मग फडकं थांबलं.

“पुन्हा लाव.”

लावली.

“अर्धा सूर उतरवलीय. माझ्या गळ्यासाठी लावायचा तो अशी.”

“चाचा नेहमी अशीच लावतात,” मी म्हणालो. “मलाही तशीच शिकवली. गिटार अशीच असते वाटायचं मला. गॅदरिंगला माझा सूर कुणाशीच जुळला नाही.”

अप्पा हसले नाहीत. उठून आत गेले, ते बाहेर आलेच नाहीत. शेवटी गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, “जा बाबा, गाडी चुकल.”

परतताना चाकूरच्या पुढं सोयाबीन काढलेली काळी रानं पाहत बसलो. दोन म्हाताऱ्यांमध्ये उरलंसुरलं होतं, तेही मीच मोडलं असं वाटत होतं. आपण कोण यांच्यात पडणारे?

लोहा जवळ आलं आणि चाचांचा फोन आला.

“त्याचा फोन आलता.”

“काय म्हणाले?”

“बोलला काहीच न्हाई. नुसता गायला. आवाज लई उतरलाय यार त्याचा.” पलीकडं तार कुरकुरली. “थांब जरा, बेटा. अजून अर्धा सूर खाली घेऊन राहिलो.”