घेतलं का?

माझ्या थोरल्या बहिणीला गल्लीत सगळे 'सूचना फलक' म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही. सुचलं असतं तर ठेवलंही असतं. ताई दार उघडते ती सूचना देतच. पायरी ओली आहे, जपून. उन्हात डोक्यावर काही घेतलं का? पोस्टमनला रोज सांगते, सायकल उतारावर लावू नका. तो रोज तिथेच लावतो आणि ती अजून एकदाही पडलेली नाही, पण त्याचं ताईला काही नाही. लोकांना वाटतं, बिचारीच्या आयुष्यात काहीतरी घडलं असणार, म्हणून अशी झाली. काही घडलेलं नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही बाई दुधाला तोंड न लावताच जन्मभर ताक फुंकत आली.

आम्ही दोघी शाळेचे गणवेश शिवतो. ती बेतते आणि शिवते, मी काजं करते, बटणं लावते आणि तिची बडबड ऐकते. उन्हाळ्यात सगळ्या जगाला सुट्टी असते आणि आमच्या मानेला जू. शाळा उघडायच्या आत सगळी पोरं अंगावर कापड घालून उभी राहिली पाहिजेत ना. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते, खाकी आणि पांढऱ्या ढिगांमधून वाट काढावी लागते. त्यात भर उन्हाळ्यात ताईची लेक, जावई आणि त्यांचं दोन वर्षांचं पिल्लू राहायला आले. म्हणजे पिल्लूला खरं नाव आहे, पण ते फक्त दवाखान्यात वापरतात.

ते नुसते राहायला आले नव्हते. लेकीला दुसऱ्या शहरात मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम मिळालं होतं, पाळ्यांचं. जावई आठवड्यातले चार दिवस फिरतीवर. पिल्लूला वर्षभर आजीकडे ठेवावं का, हा प्रश्न होता. ताईचा जीव त्या 'हो'साठी नुसता टांगणीला लागला होता. कापडाचे तागे ठेवायची खोली तिने रिकामी केली. टेबलांच्या कोपऱ्यांना उरलेलं खाकी कापड गुंडाळून शिवलं, तेव्हा सबंध घराने चड्ड्या घातल्यासारखं दिसायला लागलं. दिवसातून कितीतरी वेळा ती दोरीला बांधलेलं लोहचुंबक फरशीवरून ओढत फिरायची, टाचण्या गोळा करत. मग पिल्लू खाली उतरायचं. मला त्या ओढण्याने चीड यायची, कारण चुंबक माझ्या पायांभोवती फिरायचं आणि ती म्हणायची, "पाय वर घे, अगं वर म्हणजे वर."

पण लेक काही 'हो' म्हणेना. रोज उद्यावर ढकलायची. एका सकाळी पिल्लू खुर्चीवर चढत होतं आणि ताई बसल्या जागेवरून एका दमात सांगत होती, पाय नीट ठेव, पाठीला धर, खाली बघू नको, तोंडात काय आहे, आधी थुंक. पिल्लू चढता चढता थांबलं आणि रडायला लागलं. लेकीने हातातली कपबशी आदळली.

"आई, बस झालं. मला पोहता येत नाही, सायकल येत नाही, रस्ता ओलांडताना अजून माझ्या कानात तुझा आवाज येतो. माझ्या पोरीचं तसं नाही होऊ द्यायचं मला."

ताई शिवत होती ती शिवतच राहिली. शिवण वाकडी गेली तेवढी मी पाहिली.

"मी काय तिचं वाईट करते?" ती म्हणाली.

"वाईट नाही करत. फार करतेस." मग लेक जरा नरमली. "आपण तलावावर दोन दिवस जाणार आहोत ना? ते दोन दिवस एकही सूचना न देता काढून दाखव. एकही नाही. काढलेस तर पिल्लू तुझ्याकडे."

मी हसले. जित्याची खोड ती. ताई मात्र हसली नाही. तिने दोरा तोडला आणि म्हणाली, "दाखवते काढून."

निघायचा दिवस म्हणजे नुसती धांदल. डिकीत सामान मावेना, पिल्लूचा एक बूट सापडेना, जावईबुवा गाडीच्या चाकांना लाथा मारून बघत होते, गिऱ्हाइकं नेमकी त्याच वेळी मापं घेऊन दारात. ताई हाताची घडी घालून उभी होती आणि तिचे ओठ आत ओढलेले. गॅस बंद केला का, हे मला माझं मी आठवावं लागलं, आयुष्यात पहिल्यांदा.

गाडीत तर कहर. जावईबुवा चालवतात चांगलं, पण हात करून बोलायची त्यांना सवय आहे. समोरून ट्रक आला की ताई माझी मांडी चिमटीत धरायची. तोंडातून शब्द नाही. दर वळणाला एक चिमटा. मी म्हटलं, "अगं ये, माझी सालटी निघाली." लेक पुढून मागे वळून हसली आणि म्हणाली, "आई, चिमटा सूचनेत धरायचा का?" पिल्लू माझ्या बाजूला त्याच्या छोट्या खुर्चीत पट्टा लावून झोपलं होतं. त्याच्यावर ऊन येत होतं म्हणून ताईने खिडकीच्या काचेत एक टॉवेल अडकवला आणि दुसरा त्याच्या खुर्चीवरून सोडला. तेवढं तरी तिला करू दिलं.

तलावाकाठची खोल्यांची ती जागा आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. फाटकाजवळच कचेरी होती. लेक सह्या करायला उतरली. तिचा फोन वाजला, नव्या कामाचाच, ती बोलत बोलत सावलीत गेली. खोल्या स्वच्छ आहेत का बघायला ताई उतरली. मी उशा-चादरींचं बोचकं खांद्यावर टाकून तिच्या मागे. जावईबुवा गाडी मागच्या मोकळ्या जागेत लावायला घेऊन गेले.

दोन खोल्या होत्या, शेजारी शेजारी. थोड्या वेळाने जावईबुवा घामाघूम होऊन दोन बॅगा, पाण्याचं पिंप आणि पिशव्या घेऊन आले. ताई दारातच उभी होती. तिच्या तोंडाशी केवढी मोठी यादी आली होती ते मला दिसत होतं. हळू उचललं ना, मान सांभाळली ना, झोपमोड करू नका, पंख्याखाली एकदम ठेवू नका. लेक फोन संपवून मागून येत होती. ताईने सगळं गिळलं आणि दोनच शब्द विचारले.

"घेतलं का?"

"घेतलं, घेतलं," जावईबुवा म्हणाले आणि त्यांच्या खोलीत गेले.

आता आपल्या बोलण्यात पिल्लूही 'घेतलं' आणि सामानही 'घेतलं'. तिने पिल्लूचं विचारलं, त्यांनी सामानाचं सांगितलं. त्यांच्या हातात बॅगा बघून तिला वाटलं, पिल्लूला आधीच आत निजवून आलेत आणि ही दुसरी खेप. त्यांनी माझ्या खांद्यावरचं बोचकं लांबून पाहिलं होतं आणि त्यांना वाटलं, पिल्लू मावशींच्या खांद्यावर झोपलंय. लेकीला वाटलं, बापाजवळ झोपलंय. त्याची झोपमोड नको म्हणून ती आमच्या खोलीत आंघोळीला शिरली. जावईबुवा पाठ टेकायला आडवे झाले. चार मोठी माणसं, आणि चौघांचाही जीव निवांत.

चौघांचा नाही, तिघांचा. ताई पलंगाच्या कडेवर बसली, उठली, खिडकीशी गेली, परत बसली. मी म्हटलं, "आता काय?"

"एवढी शांत कशी झोपली? नवीन जागेत ती रडते."

"दमली असेल."

"पंखा तिच्या अंगावर येत असेल का?"

"जाऊन विचार की."

"विचारलं तर सूचना होईल," ती म्हणाली, आणि आवाज असा की मला हसूही येईना. पुन्हा उठली. दाराच्या कडीला हात लावला, काढला. मला तिचा राग येत होता आणि कीवही येत होती. पैज जिंकायच्या इतक्या जवळ आलेली बाई. नातीचं सगळं वर्ष तिला समोर दिसत होतं.

मग ती एकदम म्हणाली, "गेली उडत पैज," आणि शेजारचं दार ठोठावायला लागली.

जावईबुवा डोळे चोळत आले. "पिल्लू? तुमच्याकडे आहे ना?"

त्यानंतर कोण काय बोललं ते मला सांगता येणार नाही. ताई अनवाणी धावली. त्या तापलेल्या फरशीवरून, खडीवरून. जावईबुवा किल्ली घेऊन तिच्या मागे, लेक ओल्या केसांनी त्यांच्या मागे, आणि मी सगळ्यात शेवटी, गुडघे धरत. गाडी उन्हात उभी होती, काचा बंद. टॉवेलमुळे बाहेरून आत काही दिसत नव्हतं, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यालाही कळलं नसतं. दार उघडल्यावर आतून जी वाफ आली ती माझ्या तोंडावर आली. पिल्लू जागं होतं. चेहरा लालबुंद, केस चिकटलेले, तोंड रडल्यासारखं उघडं आणि आवाज नाही.

ताईने त्याला झाडाखाली नेलं, कपडे काढले, ओल्या फडक्याने अंग पुसत राहिली, घोट घोट पाणी पाजलं. मग ते रडलं, चांगलं भोकाड पसरून. इतकं सुंदर रडणं मी कधी ऐकलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं, पाणी पाजत राहा म्हणाले, आज रात्री लक्ष ठेवा. दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "आणखी थोडा वेळ गेला असता तर..."

परत आलो तर लेकीने आधी नवऱ्याला धुतलं. तो बिचारा भिंतीला डोकं टेकून उभा होता. मग ती आईकडे वळली.

"तू नीट का नाही विचारलंस? एरवी दहा वेळा विचारतेस."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तूच तिच्या तोंडाला कुलूप घातलंस आणि आता तूच—"

"तू गप्प बस," ताई मला म्हणाली. तिचे तळवे पोळले होते, ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. लेकीकडे बघून ती शांतपणे बोलली. "मी विचारलं. पण मला उत्तर ऐकायचं नव्हतं, पैज जिंकायची होती. पोर माझ्याकडे राहावं म्हणून मी पोरालाच विसरत होते. तू म्हणतेस ते खरं आहे, मी फार बोलते, तुला भित्री केलं मी. ते कमी करीन, जमेल तेवढं. पण गप्प बसून मला नात नको. ठेवायची असेल तर मला तोंडासकट ठेव. नाहीतर घेऊन जा तिला, मी काही म्हणणार नाही."

आणि ती रडली. ताईला रडताना मी फारसं पाहिलेलं नाही, सूचना देण्यातून तिला वेळ कुठे मिळतो. लेकीने तिच्या पायाच्या तळव्यांना मलम लावलं. हो-नाही काहीच म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरी परतलो. नंतरचा सगळा आठवडा गणवेशांत गेला, घरात कुणी त्या विषयाला हात लावला नाही, आणि ताई लेकीच्या बॅगा भरल्या जाताना प्रत्येक कपड्याकडे बघायची, मोठ्यांचा की लहानाचा.

लहानाचे कपडे कपाटातच राहिले.

निघताना लेक गाडीच्या खिडकीतून बोलत होती. पाणी उकळून, आई. जिन्याचं दार लावून घे. कात्र्या वर ठेव, वर म्हणजे अगदी वर. ताप आला तर आधी मला फोन, मग डॉक्टरला, नाही, आधी डॉक्टरला. जावईबुवांनी गाडी सुरू केली तरी तिचं चालूच. ताई पिल्लूला कडेवर घेऊन "हो गं, हो गं" म्हणत होती, आणि तोंडावर हसण्याचा लवलेशही येऊ देत नव्हती. गाडी गेली. आम्ही आत वळतो तोच कोपऱ्यावरून परत आली. लेक उतरून फाटकाशी उभी राहिली.

"काय राहिलं?" ताईने विचारलं.

"काही नाही."

तिने गजांतून हात घालून पिल्लूचा पाय धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही. ताईने फाटक उघडलं नाही आणि निघ म्हणूनही सांगितलं नाही. उशीर होत होता, रस्ता लांबचा होता, जावईबुवा हॉर्न वाजवत होते, आणि ही बाई एक अक्षर न बोलता लेक आपण होऊन हात सोडेपर्यंत उभी राहिली.