अण्णानं ओके केलेला चाकू

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी शेवग्याच्या शेंगा कापत होते, आणि हातातला चाकू अण्णानंच नापास करून माझ्याकडे ढकललेला होता. वहिनी एवढंच म्हणाली, "वन्सं, हे गेले." निपाणीहून मच्छेला पोचेपर्यंत मला रडू आलं नाही. राग येत होता. माझा थोरला भाऊ गेला होता, आणि त्याचा एकुलता एक मुलगा महेश तिकडं जपानात कामाला होता. बापाची अवस्था काय झालीय हे पोराला ठाऊक नव्हतं, कारण बापानं ते कळू दिलं नव्हतं आणि मला गळ्याची शपथ घातली होती. मी सगळं बघायचं आणि तोंड शिवून बसायचं. शाळेत पोरांवर ओरडण्यात जिची सगळी नोकरी गेली, तिच्यावर ही वेळ...

अण्णा मच्छेच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होता. तयार माल हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, मापायचा आणि ओके नाहीतर रिजेक्ट म्हणायचं, हे त्याचं काम. ती खोड घरापर्यंत आली होती. वांगी आणली तरी ओके-रिजेक्ट, माझ्या लेकीसाठी जावई बघायला गेला तरी तेच. वहिनीच्या भाकरीला मात्र रिजेक्ट म्हणायची छाती त्याला कधी झाली नाही. तरुणपणी कंपनीनं त्याला ट्रेनिंगसाठी काही महिने जपानला पाठवायचं ठरवलं होतं. पासपोर्ट आला, नवी पँट शिवून झाली, गल्लीभर पेढे वाटून झाले. आमचे वडील सोप्यात बसून हे सगळं बघत होते. ते नको म्हणाले नाहीत. म्हणाले, "जा की. फकस्त माझ्या मातीला यायला जमणार न्हाय, एवढं ध्यानात ठेव." आमच्याकडं अंत्यविधीला माती म्हणतात. अण्णा गेला नाही. वडील त्यानंतर चांगले ठणठणीत जगले, माझ्या मुलांच्या लग्नात पंगतीला बसून जिलेब्या खाऊन मग गेले.

अण्णाच्या जागी त्याचा एक सोबती जाऊन आला. येताना त्यानं कुणाला पेन, कुणाला कीचेन असं काहीबाही आणलं, आणि अण्णासाठी आणला एक स्वस्तातला मिटणारा चाकू. दिसायला अगदीच गरीब होता तो. पत्र्याची पट्टी दुमडून केलेली मूठ, एकच रिव्हेट, स्प्रिंग नाही, खटका नाही. पात्याच्या मागच्या बाजूला अंगठा टेकवायला तेवढी एक छोटी शेपटी. मी हसून म्हटलं, अरे, ह्यापेक्षा आपल्या बाजारातला बरा. अण्णानं चाकू मिटला, कानाजवळ नेऊन पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. मग मिटलेला चाकू खिडकीसमोर धरून पातं मुठीच्या बरोबर मधोमध बसतंय का ते बघितलं. धार उजेडाकडे केली. जिथं चमकेल तिथं ती बोथट असते, हे मला त्याच दिवशी कळलं. कुठं चमकली नाही. पात्यावर धारेच्या जरा वर एक बारीक रेघ होती, ती त्यानं मला दाखवली. मधे कडक पोलाद आणि दोन्ही अंगांनी मऊ लोखंड, म्हणून ती रेघ. शेवटी सुतळीचा एक आख्खा गुंडा तुकडे तुकडे करून टाकला, वहिनी ओरडेपर्यंत, आणि धार नखावर टेकवून बघितली. मग बोलला, "दाखवायचा पैसा वाचवलाय त्यांनी, कापायचा न्हाय. ओके." इतक्या प्रेमानं त्यानं कुणाला ओके म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

मी बघायला हात पुढं केला, तर त्यानं चाकू माझ्या हातात दिला नाही, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाला, उचल. चाकू, कात्री, विळी हातात द्यायची नाही, भांडण लागतं, शास्त्र असतं ते. मायक्रोमीटरनं केसाएवढा फरक शोधणारा हा माणूस, पण ह्या बाबतीत आमच्या आईचा पक्का चेला. मी त्याला खूप चिडवायची. आपण तसंही रोजच भांडतो की, म्हणायची. तो म्हणायचा, म्हणूनच, त्यात आणखी भर नको.

पुढं महेश इंजिनिअर झाला आणि त्याला जपानात नोकरी लागली. तेव्हा घाबरून मीच म्हणाले होते, एकुलता एक आहे, विचार कर. अण्णा माझ्यावर उसळला. मातीच्या नावानं मला बांधून घातलं, मी पोराला बांधणार न्हाय, असं तो बोलला. एवढ्या वर्षांत त्या गोष्टीबद्दल त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. मला वाटत होतं, तो विसरला असेल... कसला विसरतोय!

महेश कुणी ना कुणी येणाऱ्याबरोबर चाकू पाठवायचा. महागाचे आणू नकोस, ही अण्णाची सक्त ताकीद. महागाचा चांगला असतोच, त्यात बघायचं काय, असं त्याचं म्हणणं. एकदा महेशनं हौसेनं चकचकीत लाकडी मुठीचा, पितळेच्या टोप्या लावलेला, खटक्याचा चाकू पाठवला. मला तो फार आवडला. अण्णानं खिडकीसमोर धरला तर पातं एका बाजूला कललेलं. चार दिवस नारळाच्या शेंड्या कापल्यावर धार वळली. दिसायला नवरदेव हाय नुसता, असं म्हणून त्यानं तो माझ्याकडे ढकलला. जपान लिहिलंय म्हणून सगळं जपान चांगलं होत न्हाय, हे वर ऐकवलं. तोच माझा शेंगा कापायचा चाकू.

मग अण्णाच्या फुप्फुसांनी दगा दिला. आधी जिना बंद झाला, मग शेत, मग अंगण. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याची नळी पलंगापासून मधल्या उंबऱ्यापर्यंत पुरायची, पुढं नाही. मशीन दिवसभर घुरघुरत राही आणि अण्णा उंबऱ्यापर्यंत येऊन थांबे. पलीकडं सोपा, सोप्याच्या पलीकडं ऊन, येणारी-जाणारी माणसं. दावं लई आखूड बांधलंय गं, म्हणायचा, आणि हसायला जाऊन खोकत बसायचा. लाईट गेली की घरातल्या सगळ्यांचाच श्वास अडकायचा, सिलिंडर जोडेपर्यंत. महेशला सांगूया म्हटलं की अण्णा हात वर करून थांबवायचा. शेवटी एकदा मी महेशला फोन करायला निघालेच, तर माझा हात धरून त्यानं शपथ घातली. "त्यो आला तर परत जायाचा न्हाय शालू. आईकडं बघंल आणि राहील. मला म्हाईत हाय, मी तसाच राहिलो." वहिनीलाही असंच बांधून ठेवलं होतं. आम्ही दोघी त्या खोलीत त्याच्याइतक्याच अडकलो होतो.

महेशचा व्हिडिओवर फोन यायचा. त्याआधी अण्णा नाकातली नळी काढून उशीखाली सरकवायचा, दाढी केलेली असायची, पाठ भिंतीला. शेवटचा फोन आला त्या वेळी महेशनं नवा चाकू पाठवला होता. अण्णानं तो फोनसमोर धरला आणि एक शब्द, मग दम, असं करत तपासत राहिला. पातं, रिव्हेट, रेघ... मी फोनच्या मागं उभी राहून त्याचे निळसर पडत चाललेले ओठ बघत होते. ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे पोरा, ये. महेश म्हणाला, अण्णा, दम लागतोय का? हा म्हणाला, आत्ताच जिना चढून आलो. फोन ठेवल्यावर आम्ही नळी लावली तरी बराच वेळ त्याला बोलता आलं नाही. बोलता आल्यावर त्यानं चाकूंच्या डब्यातून तो पहिला, पत्र्याच्या मुठीचा चाकू काढून कट्ट्यावर ठेवला. म्हणाला, उचल. मी गेल्यावर महेशला दे. आणि हातात देऊ नकोस. ती आमची शेवटची भेट.

महेश मातीला पोचू शकला नाही. रक्षाविसर्जनाला आला. विधी झाले, पाव्हणे गेले. वहिनी मच्छे सोडायला तयार नव्हती; तिचा भाऊ येऊन राहिला. वहिनीनंच महेशला परत जा म्हटलं. यांची एवढी धडपड कशासाठी होती मग, म्हणाली. पुण्याला विमानासाठी जाताना कोगनोळी नाक्याच्या अलीकडे, निपाणीत, तो मला सोडायला घरी आला. चहा झाला. मी तो चाकू काढून ओट्यावर ठेवला आणि सवयीनं म्हटलं, उचल.

त्यानं उचलला नाही. हात पुढं केला.

"हातात दे, आत्ती."

"भांडण लागतं रं."

"लागू दे. भांडायला आता तूच राहिलीस."

मी चाकू त्याच्या हातात दिला. त्यानं तो कानाजवळ नेऊन उघडला, मिटला, अगदी बापासारखा. मग माझ्याकडे न बघता बोलला. "त्या शेवटच्या फोनला अण्णा नळी काढून बसले होते. मला दिसलं. दोन्ही गालांवर नळीचे वळ होते."

जे इतके दिवस दाबून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं. कळलं होतं तर आला का न्हाईस, म्हणून मी त्याला धरून गदागदा हलवलं.

"त्यांना वाटत होतं मला कळलं नाही," महेश म्हणाला. "आलो असतो तर त्यांचं एवढं एक तरी मनासारखं झालं असतं का, आत्ती?"

मी त्याच्याशी भांडले. दारात गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि मी रडत रडत पोटभर भांडले. त्याच्याशी, अण्णाशी, सोप्यात बसलेल्या आमच्या वडलांशीसुद्धा. तोही रडला. मग डोळे पुसून, चाकू बॅगेत तळाशी घालून निघाला. अण्णाचं शास्त्र खरं निघालं. माझ्या ओट्यावर आता तो नापास झालेला नवरदेव तेवढा उरलाय. धार पार गेलीय, शेंगा कापत नाही, नुसत्या चेंगरतो. तरी दुसरा आणवत नाही.