भिंतीवरचा पाचवा गडी

लेकीचं लगीन ठरलं तवा तासगावला व्याह्याच्या घरी जेवाय बसलो हुतो, आन् तितंच माझ्या तोंडानं माझा घात केला.

व्याही म्हंजे द्राक्षाचा बागायतदार, बेदान्याचं शेड, चार मानसांत उठबस. मी कुपवाडला कारखान्यात वेल्डिंग मारनारा. शाळंशी माझा संबंध म्हनाल तर शाळंचं गेट जोडलंय तेवढाच. व्याह्यानं सहज इचारलं, "पाव्हणं, तुमच्या गावची बास्केटबॉलची टीम लय गाजलेली म्हनं. तुमी खेळायचा का?"

व्हय म्हनून गप बसलो असतो तर भागलं असतं. पर ताटात श्रीखंड हुतं, आन् गोड पडलं की माझी जीभ सैल सुटती. म्हनलो, "खेळायचो म्हंजे? मैदानाच्या भिंतीवर आता गावच्या आजवरच्या सगळ्यात भारी पाच जनांची चित्रं काढनार हायत. त्यात मी हाय."

भिंतीचं खरं हुतं. माझं खोटं. बायको पलीकडं बायकांच्या पंगतीत बसलेली. तिनं तितनंच असं बगितलं की श्रीखंड घशातनं खाली जाईना.

मी टीममदी लय वर्सं हुतो, ह्यात काय खोटं न्हाई. पर माझी जागा बाकड्यावर. त्या बाकड्याच्या एका टोकाला मी टेकलो की दुसऱ्या टोकाचा गडी आपसूक उभा ऱ्हायचा. टीमला शिकवनारा हवालदार म्हनायचा, "तू बदली खेळाडू न्हाईस, तू बाकड्याचं वजन हायस. वाऱ्यानं उडू ने म्हनून ठेवलाय."

लगीन झालं, लेक नांदाय गेली. भिंतीचं मी इसरूनबी गेलो. आन् परवा व्याह्याचा फोन. "पाव्हणं, ऐतवारी तुमच्या भिंतीचा पेंटर येनार म्हनं. मीबी येतो बगाय."

माझ्या अब्रूचं सोडा, ती मी कवाच भंगारात घातलीया. पर लेक नवी नवी त्या घरात. तिच्या सासऱ्याम्होरं तिचा बाप थापाड्या ठरला, तर तिनं तितं कुठल्या तोंडानं वावरायचं? बायको म्हनली, "आता हवालदाराचं पाय धरा, न्हाईतर पेंटरचं."

हवालदार कोन, ते सांगतो. आमचं गाव कवठे महांकाळकडचं, माळावरचं. पान्याची बोंब, मानसं काटक. आमच्यातला एक गडी मिल्ट्रीतनं पेन्शनीत आला ते हातात नारंगी बॉल घिऊन आला. पल्टनीत बास्केटबॉल खेळलेला. गावात कुस्ती म्हाईत, कबड्डी म्हाईत, ह्यो बॉल बगून म्हाताऱ्यांनी इचारलं, "ह्या संत्र्यात बिया असत्यात का?" त्यानं माळावर चुन्याच्या रेघा मारल्या, बोअरच्या केसिंग पाइपचा खांब केला, जुन्या ट्रॉलीचं फाळकं बोर्ड म्हनून टांगलं, आन् मला बॉल दिऊन म्हनला, "ह्यो आतनं जाईल आशी रिंग बनवून आन."

आता मी कुपवाडचा मानूस. आमच्यात शाफ्टवर बुशाचं कडं ढिलं बसलं की मालक आई-बाप काढतोय. फिटिंग कसं, टाइट पायजे. मी बॉलच्या भवतीनं सळी वाकवली, बोटभर जागा सोडली आन् लई झाक रिंग करून आनली. बॉल वरनं सरळ सोडला तर गपकन आत. जरा तिरका गेला की ठन्न करून भाईर. खऱ्या रिंगंत म्हनं जवळजवळ दोन बॉल शेजारी शेजारी बसत्याल येवढी जागा असती. हे मला कुनी सांगितलंच न्हवतं.

हवालदारानं रिंग बगितली, बराच येळ बगितली. मला वाटलं आता वाजवतोय. म्हनला, "ऱ्हाऊ दे. हिच्यात टाकाय शिकली पोरं, तर दुनियेत कुठंबी टाकतील."

आन् तसंच झालं. गावाकडं आमच्या पोरांचा बॉल धा येळा टाकला तर एकदा आत जायाचा, आन् सांगली-साताऱ्याला गेलं की त्यास्नी रिंग परातीयेवढी दिसायची. लोकं त्वांडात बोट घालायची. माझ्यामुळं गावाला नेम आला म्हना. मला सोडून.

तर ऐतवारी मैदानात समदी जुनी खोडं जमली. पेंटर शिडी लावून भिंत पुसत हुता. हवालदार खुर्चीवर, दाढी पांढरी, पाठ अजून ताठ. व्याही पांढरी टोपी घालून, हात पाठीमागं बांधून माझ्या शेजारी उभा. हवालदारानं आधी कायदा सांगितला, "आज कोन कसा दिसतोय ते बगायचं न्हाई. ढेऱ्या बगायच्या न्हाईत. ज्यो त्यो त्येच्या ऐन भरात हाय असं धरायचं. पाच जन भिंतीवरनं उतरून ह्या माळावर आलं तर कुनालाबी हरवतील, असं पाच."

पयला मेंढकाच, ह्यात वादच न्हवता. मेंढरं घिऊन जाता जाता मैदानात थांबायचा. घोंगडं बाजूला ठेवायचा, अर्ध्या मैदानातनं बॉल टाकायचा, घोंगडं उचलून मेंढरांमागं चालाय लागायचा. आत गेला का न्हाई हे मागं वळून बगायचा बी न्हाई. हवालदार त्येला म्हनायचा, जरा उडी मारून टाक. तर म्हनायचा, "लांब गेल्याली मेंढी दगडानं वळवायची, तवा कोन उडी मारतंय व्हय?" आज त्यो गुडघं धरून दगडावर बसला हुता. पर हवालदार "ऐन भरातला" म्हनला, आन् मला त्यो तसाच दिसला. पायात वहान, डोळं बारीक, बॉल सुटताना बोटं अशी खाली वाकल्याली, जसं कुनाच्या तरी डोक्यावर हात ठेवलाय.

दुसरा उंच्या. आता एसटी चालवतोय, गुडघं स्टेरिंगला लागत्यात. त्यो रिंगंखाली उभा ऱ्हायला की बॉल खाली येतच न्हवता. दुसऱ्याचा चुकल्याला बॉल असा अलगद काढायचा, जसं माळ्यावरनं लोनच्याची बरनी काढावी. पाडनार न्हाई, सांडनार न्हाई.

तिसरा दूधवाला. काड्यापेटीयेवढा मानूस. आमच्या मुरमाच्या मैदानात बॉलचा टप्पा कुठं पडून कुठं जाईल ते बॉललाबी म्हाईत नसायचं, पर ह्येला असायचं. चार जनांच्या पायातनं बॉल घिऊन असा निगायचा की मागं नुसता धुरळा, आन् धुरळ्यात चार जन एकमेकाला धरून उभं.

चवथी आमची आत्ताची पोरगी, सांगलीला कॉलेजात शिकनारी. तिचं नाव काढल्यावर दूधवाला कुरकुरला, "आवं, आमी खेळत हुतो तवा ती जलमलीबी न्हवती."

हवालदार म्हनला, "ऐन भरातलं म्हटलंय. तुझा भर गेला, तिचा चालू हाय. तिला अडवून दाव आत्ता, मग तिच्या जागी उभा कर दुसरा कोन."

पोरगीनं लांबनंच बॉल वर उडवून झेलला. दूधवाला म्हनला, "काढा, काढा तिचं चित्र."

ऱ्हायला पाचवा. तेवढ्यात उंच्याची नजर माझ्यावर आन् मग व्याह्यावर गेली. गावात काय लपतंय? माझी थाप समद्यास्नी ठावं झाल्याली. उंच्या घसा खाकरून म्हनला, "पाचवा ह्योच की आपला, वेल्डर."

दूधवाला बी लागला मान डोलवाय. "व्हय की. लय जिगरबाज गडी." मेंढका तर म्हनला, "त्येच्यावानी दुसरा झालाच न्हाई," आन् ते एका अर्थानं खरंच हुतं.

हवालदार मातूर बागवानाकडं बगत हुता.

बागवान पाठीमागं उभा. फळाचा गाडा तासनतास उन्हात ढकलून काळा पडल्याला, दाढीत मेंदी. पाचव्या जागंवर हक्क कुनाचा, तर त्येचा. सगळ्यास्नी म्हाईत. त्यो फुडं आला आन् म्हनला, "ह्येलाच घ्या. मी काय केलं? मी तर बॉल हातात धरतच न्हवतो, आला की दुसऱ्याला दिऊन टाकायचो."

हवालदारानं माझ्याकडं बगितलं. "तूच सांग रं. कोन?"

एका बाजूला व्याही, एका बाजूला बागवान. व्हय म्हनलं असतं तर झालं असतं. माझं चित्र, लेकीची मान वर, आन् पेंटर ढेरी जरा आत काढतो म्हनलाच हुता. पर तोंड उघडलं आन् भलतंच भाईर पडलं. ह्या तोंडानं माझं आजवर कवाच आयकल्यालं न्हाई.

म्हनलो, "सांगलीची फायनल आटवा. आपली दोन पोरं फाउलावर भाईर गेली, आन् बाकड्यावर मी एकटाच उरलो. हवालदारानं माझ्याकडं बगितलं, मग आबाळाकडं बगितलं, आन् मला आत सोडला. शेवटचा येळ, आपन एका गुनानं मागं. मला अडवाय कोन येईना. माझा खेळ त्यास्नी एका मिनटात कळला हुता. मी रिंगंखाली एकटा, देवळाम्होरच्या नंदीवानी. ह्या बागवानानं भलतीकडं बगत बगत बॉल टाकला, त्यो माझ्या हातातच. परातीयेवढी रिंग, आन् मी बॉल बोर्डाच्या वरनं पलीकडं घातला."

लोकं हसली. व्याही बी हसला.

"आपल्या पोरांनी त्यांच्या हातनं बॉल हिसकला, आन् त्यो परत ह्येच्याकडं आला. मेंढका बोंबलत हुता, मला दे. उंच्या बोंबलत हुता. मी म्हनत हुतो, देवा, मला नगो. ह्येनं परत मलाच दिला. हातात आनून ठेवल्यावानी. मी परत घालवला. हारलो. येताना टेंपोत हवालदारानं इचारलं, त्येला दुसऱ्यांदा का दिलास? आन् ह्यो म्हनला, मोकळा त्योच हुता."

मी बागवानाकडं बोट केलं.

"पयला बॉल कोनबी मला चुकून दिईल. दुसरा कोन दिईल? मेंढक्याला मेंढका हाय म्हनून दिला असता, उंच्याला उंच्या म्हनून. ह्येनं त्वांड बगून बॉल दिलाच न्हाई कवा. मोकळा कोन हाय तेवढं बगितलं. त्या रातीपास्नं मला कोन काय म्हनू दे, मी टीममदी खेळलोय असं मला वाटतंय, ते ह्या दुसऱ्या बॉलामुळं. आन् तुमी त्येच्या जागी माझं थोबाड काढताय? गाव थुकंल भिंतीवर, आन् चित्र माझं असलं तर मी बी थुकीन."

हवालदार उठला, पेंटरला म्हनला, "लिव. पाचवा बागवान." आन् परत बसला. बागवान मान खाली घालून वहानंनं मुरूम उकरत हुता.

आता माझा न्याय. मी व्याह्याकडं वळलो. म्हनलो, "पाव्हणं, त्या दिवशी जेवताना मी जे बोललो..."

"ते खोटं हुतं," व्याही म्हनला. "म्हाईत हाय मला. तुमच्या लेकीनं नांदाय आल्यावर पैल्याच हप्त्यात सांगितलं. म्हनली, मामंजी, आमचं आबा बोलत्यात त्यात भुस्सा लय असतोय, पर दानं खरं असत्यात. तेवढं पाखडून घेत जावा."

मी म्हनलो, "मग येवढं डिझेल जाळून आला कशाला?"

"भिंतीवर तुमी न्हाई, तर मग पाचवा कोन हाय ते बगाय. आन् आलो ते बरं झालं. घरी जाऊन सुनंला सांगाय काय तरी पायजे का नगो?" काय सांगनार ते त्येनं सांगितलं न्हाई, आन् इचारायचं धाडस मला झालं न्हाई. पर टोपी सारखी करत त्यो हसला, तसा त्यो सोयरिकीच्या बैठकीतबी हसला न्हवता. मग म्हनला, "त्या बागवानाचा खेळ आत्ता बगाय मिळंल का? नुसतं चित्र बगून काय कळतंय."

पोरगीनं बॉल बागवानाकडं टाकला. त्यो नगो नगो म्हनत हुता, पर बॉल हातात आल्यावर त्येचं खांदं जरा खाली उतरलं, आन् दाढी, मेंदी, वय, सगळं कुठं गेलं कळलं न्हाई. मी लांब जाऊन दोनी हात पसरून उभा ऱ्हायलो. म्हनलो, टाक गड्या. व्याह्याम्होरं एक तरी धरतो.

त्येनं माझ्याकडं बगितलं. नीट, डोळ्यात डोळं घालून. मी आंग आवळलं.

बॉल माझ्याकडं आलाच न्हाई. बगतोय तर व्याही दोनी हातानं बॉल छातीशी धरून उभा. आयुष्यात ज्येनं द्राक्षाच्या घडाबिगर काय झेललं न्हाई, त्यो मानूस. टोपीबी हलली न्हवती.

"ह्यो हितं आला कवा?" व्याही म्हनला.

बागवान म्हनला, "तुमी मोकळं हुता."

मी अजून हात पसरून उभाच.