आधी डावा बूट काढा

"कम्पार्टमेंट सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले. मी भारतीय, म्हणजे मला इंग्रजी कळणार, म्हणून तेवढा शब्द इंग्रजीत, बाकी सगळं जपानीत. "आत्ताच्या आत्ता पाय उघडावा लागेल. पाय वाचेल. पाऊल पुन्हा वर उचलता येईल की नाही, ते आज सांगता येणार नाही."

हाड मोडलंय का, मी विचारलं. नाही म्हणाले. मग एवढं काय, म्हणून मी चक्क वाद घालायला लागले. त्यांनी माझ्या डाव्या पायाचा अंगठा हलकेच खाली दाबला. मी अशी किंचाळले की पलीकडची नर्स धावत आली. माझा वाद तिथेच संपला.

तुमच्यावर कधी ही वेळ आली तर ओळखता यावी, म्हणून हे सांगते. गुडघ्याखालचे स्नायू घट्ट पिशव्यांत भरलेले असतात आणि त्या पिशव्या ताणल्या जात नाहीत. मार लागून आत सूज आली की तिला जायला जागा नसते. दाब वाढतो, रक्त पोचत नाही, स्नायू मरायला लागतात. उशीला लहान अभ्रा चढवून वर आणखी कापूस कोंबावा, तसं. माझ्या अभ्र्यावर आणखी एक कडक अभ्रा होता, तो म्हणजे माझा बूट.

तो बूट कसला, ते सांगायला हवं. मी टोकियोत, तोयोसुला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे आणि हिगाशी-कसाईत एकटी राहते. रविवारी चिबातल्या एका मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवते. हो, बेचाळिसाव्या वर्षी. याला फ्लॅट ट्रॅक म्हणतात. मातीचा लंबगोल, वळायचं फक्त डावीकडे, आणि रेसच्या गाडीला पुढचा ब्रेकच नाही. वळणावर गाडी आडवी घसरते, तेव्हा डावा पाय जमिनीला टेकवून तिला सांभाळायचं. म्हणून डाव्या बुटाखाली पोलादी तळवा बांधतात. दिवसभर ऑफिसात मी दुसऱ्यांच्या चुका शोधते आणि त्यावर मीटिंगा होतात. मातीत चूक केली की लगेच तोंडात माती. मला ते फार आवडतं.

तिथली मंडळी झकास. रंग उडालेल्या व्हॅन, जुन्या जर्स्या, स्टोव्हवर कॉफी. तुमच्या गाडीचा कार्बुरेटर त्यांना तोंडपाठ, पण तुमच्या घरी कोण आहे हे कुणी विचारणार नाही. मी तिथे सत्तावीस नंबर. भारतीयांनी भरलेल्या हिगाशी-कसाईत लिफ्टमध्येसुद्धा शेजारच्या वहिनीकडून 'मग, लग्नाचं काय?' ऐकून घेणाऱ्या बाईला हे न विचारणं म्हणजे स्वर्ग वाटायचं. त्या स्वर्गाची दुसरी बाजू हॉस्पिटलात कळली.

त्या रविवारी शेवटच्या वळणावर माझ्या पुढचा गाडीवाला घसरला, मी त्याला चुकवायला गेले आणि गाडी माझ्या नडगीवर आदळली. दोघांनी ती उचलली. ट्रॅक चालवणारे ओकुदा-सान सत्तरीचे आहेत आणि मोजकं बोलतात. ते आले आणि म्हणाले, "दाइजोबु?" म्हणजे ठीक आहेस ना. मी म्हटलं, "दाइजोबु." जपानमध्ये हा शब्द एकदा उच्चारला की विषय मिटतो.

मग तोंबो सुरू झाले. तोंबो म्हणजे माती सारखी करायचं रुंद लाकडी दाताळं. आमच्याकडे शेवटची रेस झाली की सगळ्यांनी मिळून ट्रॅक सारखा करायचा, मग वाकून ट्रॅकला नमस्कार करायचा आणि मगच बूट सोडायचे. सक्ती कुणी करत नाही, पण कुणी चुकवतही नाही. मी तिथली एकुलती एक परदेशी, वर बाई. मी बसून राहिले असते तर कुणी काही म्हणालं नसतं, आणि नेमकं तेच मला नको होतं. मी पोलादी तळवा सोडला आणि तोंबोवर रेलत रेलत माझा वाटा ओढला. बूट पायात घट्ट होता, म्हणून आधारच वाटत होता! अक्कल गहाण टाकणं याहून काय वेगळं असतं?

तोच बूट घालून ट्रेनने घरी आले. दुखणं कमी होण्याऐवजी वाढत होतं. पाऊल बधिर झालं होतं आणि पाय आतून फुटेल असं वाटत होतं. घरी बूट निघेना. शेवटी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. त्या लोकांनी तो कात्रीने उभा फाडला.

लक्षात ठेवा. मार दिसतो त्याहून दुखणं फार जास्त असेल, वेदनाशामक गोळीने फरक पडत नसेल, बोटं ताणली की जीव जात असेल, तर थांबू नका. मुंग्या येईपर्यंत तर मुळीच नाही.

ऑपरेशनला फॅशिऑटमी म्हणतात. नडगीच्या दोन्ही बाजूंनी लांब चिरा देऊन त्या पिशव्या उघडतात आणि जखमा तशाच उघड्या ठेवतात. भूल देण्याआधी नर्सने विचारलं, "बाहेर कोण थांबणार?" मी म्हटलं, कुणी नाही. आई चिंचवडला. तिने मान हलवली आणि कागदावरच्या त्या रकान्यात रेघ मारली.

मी शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "पुढच्या भागातला थोडा स्नायू गेला. बाकीचा गुलाबी आहे, म्हणजे जिवंत आहे." मग म्हणाले, "सवयीने मी बाहेर सांगायला गेलो. बाकावर कुणी नव्हतं. मग परत आलो." ते सहज बोलले. त्यांचा काय दोष? पण तो रिकामा बाक मी अजून विसरलेले नाही.

चार खाटांची खोली होती, आणि चारी खाटांभोवती दिवसभर पडदे. पुण्यात असते तर दहा मिनिटांत शेजारणीने 'काय झालं हो?' म्हणून सगळी कुंडली मांडायला लावली असती आणि डब्यातला शिराही दिला असता. इथे मला तिघींच्या चमच्यांचे आवाज ओळखू यायला लागले, चेहरा एकीचाही पाहिला नाही. मला माणूस हवं होतं. कुणीही. लिफ्टमधली वहिनीसुद्धा चालली असती.

आईच्या व्हिडिओ कॉलवर मी फक्त तोंड दाखवायची. "मागे पडदा कसला?" तिने विचारलं. नवीन घेतला म्हटलं. "शी, काय भिकार रंग!" ती म्हणाली. मी हसले आणि फोन ठेवून रडले.

जखम एकदम शिवता येत नाही. दोन्ही कडांना पिना लावून त्यांतून रबरी दोरी नागमोडी ओवतात आणि सूज उतरेल तशी रोज थोडी आवळतात. डॉक्टर म्हणाले, "शूलेस पद्धत." बुटाची लेस वेळेवर सोडली नाही, म्हणून आता पायालाच लेस. मी मोठ्याने हसले, तर ते गोंधळले.

हॉस्पिटलात असल्याचा माझा मेसेज वाचून ओकुदा-सान एका दुपारी आले. ट्रॅकवरच राहिलेला माझा पोलादी तळवा घासूनपुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. तो टेबलावर ठेवून त्यांनी पायाकडे बघितलं. मग म्हणाले, "मी एकदाच विचारलं." मी सवयीने म्हणणार होते, दाइजोबु. पण शब्द फुटला नाही. ते वाकून नमस्कार करून गेले. तेवढा एकच माणूस मला भेटायला आला.

टाके निघाले, पण पाऊल उचललं जाईना. याला फूट ड्रॉप म्हणतात. पाय उचलला की पाऊल लोंबतं आणि बोटं फरशीला अडकतात. पोटरीमागून तळव्याखाली जाणारी प्लॅस्टिकची पट्टी मिळाली. डॉक्टर म्हणाले, "अंगठा वर येतो का, रोज बघा. आधी तो येईल. आला तर." घरी येऊन मी रोज अंगठ्याशी बोलायला लागले. लाडीगोडी केली, शिव्याही दिल्या. लाटणंसुद्धा दाखवलं. तो ढिम्म.

शेवटी आईला सगळं सांगितलं. ट्रॅक, गाडी, पाय, सगळं. मला वाटलं, आता तोफ सुटणार. ती एवढंच म्हणाली, "कुणीच नव्हतं गं तुझ्याजवळ?" नव्हतं गं आई, म्हणताना माझा बांध फुटला.

वसंतात पट्टी लावून, काठी टेकत ट्रॅकवर गेले. गाडी चालवायला नाही, नुसती बघायला. शेवटची रेस संपली. सगळे तोंबोकडे न जाता कुंपणाशी रांगेत बसले आणि डावे बूट काढायला लागले. हे काय नवीन? मला कुणी सांगितलं नव्हतं. ओकुदा-सान एकेकासमोर थांबत होते, आणि ही दाढीवाली, टॅटूवाली मंडळी मोज्यांतली बोटं शाळकरी पोरांसारखी हलवून दाखवत होती. बोटं हलली की मगच तोंबो मिळत होता.

मीही रांगेच्या टोकाला बसले आणि पट्टी सोडली. ओकुदा-सान माझ्यासमोर उकिडवे बसले. मी जीव एकवटून अंगठ्याला हुकूम सोडला. रांगेतलं कुणीच उठलं नाही, सगळे बघत राहिले. अंगठा उचलला गेला. तांदळाच्या दाण्याएवढा असेल, पण उचलला गेला. लगेच नडगीत कळ आली.

"दाइजोबु?" ओकुदा-सानांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "दुखतंय."

ते उठले नाहीत. आणखी जवळ सरकले आणि म्हणाले, "कुठे?"

मी त्यांचा हात धरून दाखवलं.