हायपोचा अर्थ

सुभानरावांना इन्सुलिन सुरू होऊन चौथा महिना लागला होता. वाडीतल्या त्या दोन खोल्यांत सुई टोचायची, वेळा सांभाळायच्या, भात मोजून वाढायचा, सगळं बायकोवर, स्नेहलताबाईंवर येऊन पडलं होतं. त्रेसष्टाव्या वर्षी त्यांना स्वतःचंच अंग जड झालं होतं.

डॉक्टर गुजराती, नेहमी घाईत असायचे. "माजी, हायपो न थवा देशो," एवढं बजावून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. हायपो होऊ द्यायचा नाही. हाय म्हणजे जास्त, एवढं इंग्रजी बाईंना येत होतं. घरी येताच त्यांनी साखरेचा डबा माळ्यावर टाकला.

एका रविवारी दुपारी सुभानराव सुई घेऊन दोनच घास जेवले. तासाभरात त्यांना दरदरून घाम फुटला, हात लटलट कापू लागले.

"थोडं गोड दे गं काहीतरी."

"अजिबात नाही. साखर वाढलीय तुमची, त्यात आणखी गोड?"

बाईंनी पंखा मोठा केला आणि त्या भांडी घासायला गेल्या. परत आल्या तर सुभानराव त्यांनाच 'आई, आई' म्हणत होते. त्यांनी शेजारच्या शर्वरीला हाक मारली. ती लॅबमध्ये कामाला होती. तिने येताच सुभानरावांचं बोट टोचून मशीन पाहिलं.

"बावन्न! काकू, हायपो झालाय. साखर आणा, लवकर!"

"अगं, हायपो म्हणजे वाढलेली ना?"

"उतरलेली! वाढली की हायपर."

बाईंनी स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढला. चार चमचे साखर पाण्यात ढवळून शर्वरीने घोटघोट पाजली. पाव तासाने आकडा शहाऐंशीवर आला, तेव्हा तिने पोळी खायला लावली.

संध्याकाळी शर्वरी बाईंना सुभानरावांचे रिपोर्ट समजावत बसली. एचबीएवनसी म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी, क्रिएटिनिन मूत्रपिंडाचं. बाई कॅलेंडरच्या पाठीमागे लिहीत होत्या.

"डॉक्टरांना विचारलं का नाहीत, काकू?"

"लाज वाटली गं."

सुभानरावांना दुपारचं काहीच आठवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाईंनी सांगून टाकलं, "तुम्ही गोड मागत होतात. मीच दिलं नाही."

सुभानराव म्हणाले, "पुढच्या वेळी दवाखान्यात मी विचारीन. तू नुसती शेजारी बस. थकलीस."

बाईंनी भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.